खान्देशातले पाम: उन्हाला उगाच बदनाम करू नका

गिरणाकाठ (जळगाव)

पावसाळा तोंडावर आला की नर्सऱ्यांमध्ये पामच्या गाड्या उतरतात. लोक हौसेने दोन रोपं गेटच्या दोन्ही बाजूंना लावतात, दिवाळीत त्यांच्यावर माळा सोडतात आणि पुढच्या मेमध्ये वाळली की "आपल्याकडचं ऊन, पंचेचाळीस डिग्री, काय जगणार बापडी" म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

बिस्मार्किया मादागास्करच्या कोरड्या गवताळ माळावरचा. वॉशिंग्टोनिया अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटातला, झऱ्याकाठी वाढणारा. खजुराचं तर सांगायलाच नको. यांना मे महिना नवा नाही. आपल्याकडे पाम मरतो तो बहुतेक वेळा पावसाळ्यात. फक्त ते आपल्याला कळतं उन्हाळ्यात.

होतं असं, की तापीकाठची काळी माती ओली झाली की फुगते आणि घट्ट बसते. त्यात आपण दोन बाय दोनचा खड्डा घेऊन आत शेणखत, वाळू, कोकोपीट असं मऊ मऊ भरतो. जुलै-ऑगस्टात आजूबाजूचं पाणी त्या मऊ जागेत उतरतं आणि खड्ड्याचा हौद होतो. मुळांना हवा मिळत नाही, ती आतल्या आत कुजतात. वर पानं हिरवीच दिसतात, कारण हवा दमट असते आणि थोड्या मुळांवरही भागतं. मार्चनंतर झळा सुरू झाल्या, पानांतून पाणी उडायला लागलं, की खाली मुळंच नाहीत हे उघडं पडतं. मग आपण आणखी पाणी घालतो.

लावण्याआधी एक करून बघा. जागेवर दोन फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, एकदा जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं असेल तर त्या खड्ड्यात पाम लावू नका. त्याऐवजी जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद असा पसरट उंचवटा करा. तिथलीच माती, मुरूम आणि चांगलं कुजलेलं खत एकत्र करून. रोप त्या उंचवट्यावर बसवा.

पामची नवी मुळं गरम मातीत फुटतात, त्यामुळे लावायला जून-जुलै सर्वात बरा. डिसेंबर-जानेवारीत लावलेलं रोप नुसतं बसून राहतं.

तुमच्याकडे कोणते पाम आहेत, कुठल्या मातीत आहेत, काय अडचणी आहेत, लिहा.

वांग्याचं_भरीत (भुसावळ)

चांगला विषय. माझा प्रश्न साधा आहे. हॉलमध्ये अरेका पाम आहे, कुंडीत. ऊन लागत नाही, पाण्याचा निचरा होतो, तरी पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. टोक कापलं की आठवड्याभरात पुन्हा पुढे वाळायला लागतं. बायको म्हणते प्लॅस्टिकचा आणा.

गच्चीवरची_बाग (जळगाव)

भाऊ, पाणी कुठलं घालता? बोअरचं असेल तर उत्तर तिथेच आहे. आणि फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून कुंड्यांना घालत असाल तर ते आजच बंद करा. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण आरओचं ते पाणी म्हणजे गाळून काढलेल्या क्षारांचं पाणी. मूळ बोअरच्या पाण्यापेक्षाही खारट. फरशी पुसा, संडासात ओता, अरेकाला नको.

दुसरं, आपल्याकडे घरोघरी असलेलं कूलरचं पाणी. संध्याकाळी टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी लोक कुंडीत ओततात. दिवसभर कूलर चालला की नुसतं पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात. कूलरच्या गवताच्या जाळीवर पांढरा थर बसतो ना, तेच सगळं तुम्ही कुंडीत सोडता. एसीच्या नळीतून थेंब थेंब येणारं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते खुशाल घाला.

कुंडीच्या मातीवर आणि बाहेरच्या अंगाला पांढरी पापडी दिसत असेल तर पहिल्या चांगल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवा. मात्र थेट उन्हात नको, झाडाखाली ठेवा. कुंडीच्या मापाच्या तीन-चारपट पाणी तिच्यातून खाली वाहून गेलं पाहिजे. खालची ताटली काढून टाका, नाहीतर निघालेले क्षार परत वर चढतात.

आणि वाळलेलं टोक कापताना हिरव्या भागात कात्री घालू नका. तपकिरी भागातच, किंचित काठ ठेवून कापा. हिरव्यात कापलं की नव्या जखमेपासून परत वाळतं. तुम्ही तेच करताय बहुतेक.

हो, आणि अरेकाच्या बाबतीत ऊन खरोखरच मारतं हं, गिरणाकाठ. तो मादागास्करच्या पूर्वेकडच्या दमट पट्ट्यातला. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या गच्चीवर ठेवला तर दोन दुपारीत पानं पांढरी पडतात. माझ्याकडे पन्नास टक्के सावलीच्या हिरव्या नेटखाली आहे, कूलरचा वारा जिथे बाहेर पडतो त्या खिडकीजवळ. मस्त आहे.

वांग्याचं_भरीत (भुसावळ)

फिल्टरचंच पाणी घालत होतो. :( बंद.

पांझरेचा_नाना (धुळे)

राम राम भाऊ. मना फॉक्सटेल पिवया पडी गया, काय करू आते?

असो, सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत लिहितो. अंगणात फॉक्सटेल आहे, माणसाच्या उंचीच्या वर गेलाय. लावला तेव्हा झकास होता. आता नवीन येणारं पान फिकट पिवळं येतं, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठीक आहेत. कृषी केंद्रात विचारलं तर युरिया आणि डीएपी दिलं. दोन्ही घातलं, फरक शून्य. माती काळी, खाली चुनखडी आहे, विहीर खणताना निघाली होती.

गिरणाकाठ (जळगाव)

नाना, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की फोटोची गरज नाही.

पामची तब्येत बघताना पहिला प्रश्न एकच, बिघाड नव्या पानात आहे की जुन्या? पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं. त्यामुळे ती कमी पडली की जुनी पानं बिघडतात. पालाश कमी असेल तर जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येतात आणि टोकं करपतात. मॅग्नेशियम कमी असेल तर पानाच्या कडेने रुंद पिवळा पट्टा येतो आणि मधला भाग हिरवा राहतो. लोह, मँगनीज, बोरॉन यांचं उलट आहे, ती एकदा पानात गेली की तिथेच राहतात. म्हणून कमतरता नव्या पानात दिसते. लोहाची असेल तर पिवळं पान, हिरव्या शिरा, म्हणजे तुमचंच. मँगनीजची असेल तर नवं पान आखडून, करपून, चुरगळल्यासारखं बाहेर येतं. बोरॉनची असेल तर पानाचं टोक आकड्यासारखं वळतं किंवा पान नीट उलगडतच नाही.

तर तुमच्या झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत लोह नाही असं नव्हे, काळ्या मातीत ते भरपूर असतं, पण चुनखडीमुळे सामू (पीएच) आठच्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. डीएपीने तर जास्तीचं स्फुरद (फॉस्फरस) जाऊन लोहाची अडचण वाढतेच. युरियाने नुसती वाढ पळते. ही दोन्ही पोती बंद करा.

आता एक विचारतो. बुंध्याशी माती चढवली आहे का? आपल्याकडे केळीला भर लावायची सवय आहे, तीच पामला लावली जाते. लोहाची कमतरता पुष्कळदा मुळांना हवा न मिळाल्याने येते, म्हणजे रोप खोल बसलं असेल किंवा पाणी साचत असेल तर. मूळच गुदमरलेलं असेल तर ते लोह कसं उचलणार? बुंधा जिथे रुंद होऊन मुळं फुटतात ती जागा जमिनीच्या पातळीला हवी. वर दोन बोटांपेक्षा जास्त माती असेल तर काढा.

आणि मग चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्याने धरून ठेवलेलं लोह. त्यातही डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीए स्वस्त मिळतं, पण आपल्या सामूला ते टिकत नाही, चुनखडीत बसून जातं. ईडीडीएचए पाण्यात टाकलं की रक्तासारखा लाल रंग येतो. फरशीवर सांडू नका, डाग जात नाही.

केळीवाला (रावेर)

गिरणाकाठ भाऊंनी भर लावायचं बरोबर पकडलं. आमच्याकडे बंगल्यापुढच्या पामला गडी माणूस सवयीने भर लावून जातो, सांगूनही ऐकत नाही.

खताबद्दल थोडं. पामला नत्राइतकंच (नायट्रोजन), किंबहुना जास्त, पालाश लागतं. फ्लोरिडातले लोक पामसाठी ८-२-१२ (नत्र-स्फुरद-पालाश) आणि वर ४ टक्के मॅग्नेशियम असं खत वापरतात. म्हणजे स्फुरद नाममात्र आणि पालाश नत्राच्या दीडपट. आपल्या बाजारात असं तयार पोतं शोधत बसू नका. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांच्याकडे घड भरताना सोडायला आणलेलं ०:०:५० असतंच. ते आणि मॅग्नेशियम सल्फेट थोडं थोडं, पावसाळ्यात आणि परत फेब्रुवारी-मार्चमध्ये. थंडीत काही देऊ नका, मुळं झोपलेली असतात.

घड कापल्यावर उरलेल्या खांबाचे तुकडे करून बुंध्यापासून हातभर लांब गोल पसरायचे. त्यात पाणी आणि पालाश दोन्ही असतं, उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात. बुंध्याला चिकटवू नका. आणि वाळलेल्या पानांची राख घालायचा मोह होतो, तोही नको. राखेत पालाश असतं, खरं आहे, पण राख सामू आणखी चढवते. नानांच्या चुनखडीत राख म्हणजे जळत्यात तेल.

ठिबकवाल्यांसाठी: एकच ड्रिपर बुंध्याशी सोडून मोकळं होऊ नका. पामची मुळं सगळी बुंध्यातून निघून बाजूला पसरतात. गोल वळसा घालून तीन-चार ड्रिपर द्या आणि झाड वाढेल तसा वळसा मोठा करा.

माडाखालचा (मूळचा गुहागरचा, आता नोकरीनिमित्त जळगाव)

इथे जरा मोडता घालतो. "ऊन मारत नाही" हे शोभेच्या पामपुरतं ठीक आहे. माड घ्या. खान्देशात बंगल्या-बंगल्यात माड आहे, जगलाय, उंच झालाय. पण नारळ किती? फुलोरा येतो, बारीक बोंडं धरतात आणि एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात गळून जातात. पाणी कितीही द्या, हवेतला दमटपणा कुठून आणणार? आमच्याकडे समुद्राचा वारा आहे म्हणून माड आहे. इथे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेही त्याला सोसत नाही, पुढची बरीच पानं पिवळी येतात.

ज्यांना लावायचाच आहे त्यांनी घराच्या पूर्वेला, दुपारनंतर भिंतीची सावली मिळेल असा लावा. पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा हवा. माडाखाली केळी, हळद, अळू असं काहीतरी दाट लावलं की खालची हवा थोडी ओली राहते. बाणवली, म्हणजे आमच्याकडची उंच जात, लावलात तर वाट बघायची तयारी ठेवा. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने काढलेली प्रताप जात आहे, तिची रोपं खात्रीच्या ठिकाणाहून मिळाली तर बघा. पण घरच्या नारळावर सोलकढी करू असं स्वप्न बघून माड लावू नका. सावलीसाठी, देवाला चार नारळ निघतील म्हणून लावा.

भेरला माडही इथे नर्सरीत फिशटेल म्हणून विकतात, पानं माशाच्या शेपटीसारखी म्हणून. दिसायला देखणा. विकणारा एक गोष्ट सांगत नाही. तो आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतो, शेंड्यापासून सुरू करून काही वर्षं खाली खाली घोस सोडत येतो आणि मग संपतो. त्याची फळं हाताने चोळू नका, आग आग होते. लहान मुलं असलेल्या अंगणात मी लावणार नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

माडाच्या बाबतीत मान्य. जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. खजुराचंही उलट्या बाजूने तसंच आहे. ऊन त्याला हवंच असतं, पण फळ पिकायच्या वेळी आपला पाऊस येतो. म्हणून कच्छप्रमाणे बारहीसारखी जात पिवळी, करकरीत असतानाच काढून खायची. नर-मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे बी पेरून उगवलेल्या रोपावर भरवसा नाही, टिश्यू कल्चरचं मादी रोप घ्या. परागही हाताने द्यावे लागतात. हौशी माणसाला एक झाड पुरे.

नर्सरीवाला_आबा (चोपडा रोड)

बराच वेळ वाचतोय. विकणाऱ्यांवर टोमणे चाललेत म्हणून लिहितो. :)

गिऱ्हाईक येतं आणि "बॉटल पाम द्या" म्हणतं. नव्वद टक्के लोकांना जो द्यायचा असतो आणि आम्ही जो देतो तो रॉयल पाम, क्यूबाकडचा. लहानपणी बुंधा फुगीर असतो म्हणून त्याला बॉटल म्हणायची पद्धत पडलीय. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, बुटका, डोक्यावर मोजून पाच-सात पानं. तो हळू वाढतो आणि महाग असतो. फरक सांगतो तो नावासाठी नाही, जागेसाठी. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर खरा बॉटल कोपऱ्यात आयुष्य काढेल. रॉयल पाच मजले जाईल. त्याचं एक पान तीन मीटरहून लांब, सुटून पडतं तेव्हा खाली उभ्या गाडीचं छप्पर दाबतं. मी विचारतो, "वर तार आहे का?" तर म्हणतात, "तेव्हाचं तेव्हा बघू."

रॉयलचा एक गुण मात्र या धाग्यात यायला हवा. त्याला पाणथळ सोसतं. ज्यांच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी हटतच नाही आणि जागा मोठी आहे, त्यांनी बिस्मार्कियाच्या नादी न लागता रॉयल घ्यावा. बिस्मार्कियाला निचरा हवाच. शिवाय त्याची मुळं दुखावलेली चालत नाहीत, म्हणून पिशवी फाडताना माती फुटली की गेलाच समजा. पिशवी तळाशी गोल कापायची, खड्ड्यात ठेवायची आणि मग बाजूने चिरून ओढून घ्यायची. आणि जागा द्या बाबांनो, वीस फुटांचा घेर होतो त्याचा. वीतभर रोपटं बघून फाटकाला खेटून लावतात.

दोन झाडं पाम म्हणून मागतात, ती पामच नाहीत. एक सायकस. तो फुलं न येणाऱ्या जुन्या कुळातला. त्याची नवी कोवळी पानं एकदम गोल फुटतात तेव्हा एक छोटं निळं फुलपाखरू अंडी घालतं आणि अळ्या चार दिवसांत सगळं चक्र खाऊन टाकतात. पानं फुटायला लागली की रोज बघा, हाताने अळ्या काढा किंवा निंबोळी अर्क मारा. पानं एकदा कडक झाली की भीती नाही. घरात कुत्रं असेल तर सायकस नकोच, बिया विषारी असतात. दुसरा ट्रॅव्हलर्स पाम. तो आपल्या केळीचा भाऊबंद. पान बघाल तर कळेल. वाऱ्यात केळीसारखंच फाटतं. मोकळ्या माळावरच्या फार्महाउसला लावून "पंख्यासारखा दिसत नाही" म्हणून माझ्याशी भांडू नका.

सातपुड्याची_लेक (शहादा)

सगळ्यांनी मादागास्कर, क्यूबा, मॉरिशस फिरून झालं. आता नाल्याकडे या.

शिंदी. आपल्याकडचा अस्सल पाम. नाल्याकाठी, बांधावर, पाणी धरणाऱ्या सखल जागी आपोआप उगवते. पावसाळ्यात पायात पाणी, उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, दोन्ही सोसते. गिरणाकाठ दादांनी काळ्या मातीच्या ज्या अडचणी लिहिल्या त्या तिला अडचणी वाटतच नाहीत. लक्ष्मीपूजनाला आपण जी केरसुणी पुजतो ती हिच्याच पानांची. आणि दारात लावा म्हटलं की लोक नाक मुरडतात, "ते तर ताडीचं झाड". तिकडे फ्लोरिडात हीच शिंदी सिल्व्हर डेट पाम म्हणून हॉटेलांच्या दारात लावतात आणि एकेका झाडाला चांगले पैसे मोजतात.

आमच्या शेताच्या कडेला दोन मोठ्या आहेत. पावसाच्या तोंडावर नर सुगरणी पात्याच्या काठावर चोच मारतात, बारीक खाच पाडतात आणि मग ती कडा धरून उडतात, पात्याची लांब दोरी सुटून येते. काटे इतके आहेत की साप-मांजर वर जाण्याआधी विचार करतं, म्हणून खोपे तिथेच.

लावायची असेल तर नाल्यावरचं मोठं झाड खणून आणू नका. ती जागा तुमची नसते आणि तसं आणलेलं झाड बहुतेक जगतही नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाखाली पिकलेली फळं पडतात. गर धुऊन काढा, बी दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा. पेरायला खोल पिशवी किंवा कापलेली मोठी बाटली घ्या. शिंदीचं बी आधी खाली एक जाड दांडी सोडतं आणि रोप बीपासून थोडं दूर वर येतं. उथळ ट्रेमध्ये पेरलं की ती दांडी तळाला टेकून वाकडी होते. बिस्मार्कियाचंही तसंच. पहिली काही वर्षं नुसतं गवत वाटेल, वैतागून उपटू नका.

काटे मात्र हलक्यात घेऊ नका. पानाच्या बुडाशी असलेली पाती म्हणजे सुयाच. सांध्यात टोक मोडून राहिलं तर सूज महिनोन्महिने जात नाही, डॉक्टरकडे जावं लागतं. छाटताना चष्मा आणि जाड हातमोजे घाला. फाटकापासून, मुलांच्या वाटेपासून लांब लावा. आणि नीरा काढायची हौस कोणाला आली तर त्याला परवाना लागतो, घरचं झाड असलं तरी.

पांझरेचा_नाना (धुळे)

ताई, जिंकलंत. आमनाकडे बी नाल्यावर भरपूर शिंदी शे, कोणी बघत नाही.

अंगणवाला (पाचोरा)

छाटणीचा विषय निघालाच आहे तर. दरवर्षी दिवाळीआधी माळी येतो आणि पामची खालची सगळी पानं काढून वर शेंडीएवढी चार ठेवतो. "साफ दिसतं" म्हणतो. बरोबर आहे का? आणि यंदा नवीन पान उघडलं ते कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं आलंय. माळी म्हणतो त्याने कापलं नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

माळी खरं बोलतोय. ते गेंड्या भुंग्याचं काम आहे. रात्री तो शेंड्याच्या गाभ्यात शिरून न उघडलेलं पान खातो. तेव्हा पान पंख्यासारखं मिटलेलं असतं, म्हणून एकच भोक उघडल्यावर दोन्ही बाजूंना सारखं त्रिकोणी दिसतं. पानाच्या बेचक्यात भोक आणि त्यातून चघळलेला चोथा बाहेर आलेला असेल तर तो अजून आत आहे. वाकड्या टोकाची सळई घालून ओढून काढतात. नंतर वरच्या बेचक्यांत वाळू आणि डांबर गोळ्या ठेवतात, दीड महिन्याने बदलतात.

पण तो येतो कुठून ते बघा. त्याच्या पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या उकिरड्यात आणि शेणखताच्या ढिगात वाढतात. ढीग अंगणातच असेल तर वरून कितीही गोळ्या ठेवा. ढीग उपसा, अळ्या कोंबड्यांना घाला, मेटारायझियम बुरशी मिळते ती ढिगात मिसळा. कच्चं शेणखत पामच्या बुडाशी टाकणं म्हणजे त्याला पत्ता देणं. शिवाय त्याने केलेल्या भोकातून सोंड्या भुंगा शिरतो. तो खोड आतून पोखरतो आणि बाहेर कळेपर्यंत झाड गेलेलं असतं.

छाटणीचं. माळ्याला थांबवा. वर लिहिलंय तसं पाम जुन्या पानातलं पालाश काढून नव्याला देतो. हिरवी पानं कापली की तो साठा कचऱ्यात जातो, मग त्याच्या वरची पानं पिवळी पडतात, माळी तीही कापतो आणि खोड शेंड्याकडे बारीक होत जातं. पूर्ण तपकिरी, वाळलेलं पान काढा. अर्धं हिरवं असेल तर राहू द्या. रॉयल, फॉक्सटेलची पानं तर आपोआप गळतात, त्यांना कात्री लागतच नाही.

खोडाला जखम करू नका. आंब्या-लिंबाला साल भरून येते, पामला येत नाही. आज ठोकलेला खिळा आयुष्यभराचं भोक असतो. लग्नाच्या लायटिंगवाल्याला आधीच सांगा, दोरीने बांध. आणि शेंडा एकच असतो. तारेला लागतो म्हणून वायरमनने वरून छाटला की बाजूने फांदी फुटत नाही, झाड संपलं. एकच खोड असलेल्या प्रत्येक पामला हे लागू आहे. अरेकासारख्या झुपक्याच्या पाममध्ये एक दांडा गेला तर बाकीचे जगतात.

पावसाळ्यात शेंड्यातलं उभं, न उघडलेलं पान अधूनमधून हलक्या हाताने ओढून बघा. घट्ट असेल तर ठीक. हातात निघून आलं आणि बुडाशी कुजकट वास आला तर गाभा सडतोय. सडलेला भाग काढून कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला तीन ग्रॅम, गाभ्यात ओता. लवकर कळलं तर वाचतो.

नर्सरीवाला_आबा (चोपडा रोड)

हे पान ओढून बघायचं विकत घेतानाही करा. माझ्याकडे आलात तरी करा, मी रागावणार नाही. आणि पिशवी उचलून बघा, मूळ तळातून जमिनीत गेलेलं असेल तर ती पिशवी नको. उचलताना मूळ तुटतं.

वांग्याचं_भरीत (भुसावळ)

आबा, प्लॉट तीस बाय चाळीसच आहे. पुढे पश्चिम, मागे बोअर, वर तार. एकच पाम लावायचा तर कोणता?

नर्सरीवाला_आबा (चोपडा रोड)

तार आहे म्हणजे रॉयल, फॉक्सटेल, वॉशिंग्टोनिया तिघेही बाद. पश्चिमेचं ऊन आहे म्हणून अरेका, रापिस बाहेर नको. मागच्या बाजूला सकाळचं ऊन येत असेल तर खरा बॉटल पाम उंचवटा करून लावा. पुढे हवाच असेल तर चायना फॅन पाम चालेल, फार हळू वाढतो, पण पहिले दोन उन्हाळे नेट बांधावं लागेल आणि पानांची टोकं थोडी करपणारच. ते चालवून घ्यायचं.

पांझरेचा_नाना (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, बुंध्याची माती उकरली. चांगली वीतभर भर निघाली. खाली मुळं तपकिरी आहेत, पण टणक, चिमटीत दाबली तर साल सुटत नाही. थोडी काळी, मऊ होती, ती हाताने ओढताच आली. खोड हलवून पाहिलं, हलत नाही. आता लोह लगेच सोडू का पाऊस पडल्यावर?

गिरणाकाठ (जळगाव)

टणक आहेत ती जिवंत आहेत. मऊ होती ती गेलेलीच होती, चिंता नको. उघडी झालेली मुळं एकदम तापू नयेत म्हणून वर बोटभर पालापाचोळा पसरा, माती परत ओढू नका. ईडीडीएचए आत्ता अर्ध्या मात्रेने, संध्याकाळी, ओल्या मातीत सोडा. ऊन लागलं की ते लवकर खराब होतं. उरलेलं पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. पिवळी झालेली पानं हिरवी होतील म्हणून वाट बघू नका, तशीच राहू द्या, कापू नका. त्यानंतर येणारं दुसरं-तिसरं पान काय रंगाचं येतं ते इथे लिहा. तेही पिवळंच आलं तर पाणी साचतंय असं समजून बाजूने चर काढायला लागेल.